थांब, आईला देतो

४ फेब्रुवारी

टक्.

पितळी टोकाची दोरी बोर्डाच्या भोकात नीट बसली की होणारा तो आवाज. आज सकाळी त्यानंच जाग आली. टेलिफोन एक्स्चेंज बंद होऊन किती वर्षं लोटली. बोर्ड भंगारात गेले, दोऱ्या कुठे गेल्या कोण जाणे, पण आवाज तेवढा माझ्याकडे राहून गेला. त्याच्या पाठोपाठ मागच्या शाळेतला पोरांचा कोरस यायचा. त्यांची खिडकी आणि आमची खिडकी यांच्यामध्ये फक्त एक बोळ. माझ्या एका कानात हेडफोन, त्यात कुणाचा व्यापार, कुणाचं बाळंतपण, आणि दुसऱ्या कानात चौथीची कविता. अर्धं आयुष्य मी असं दोन कानांनी दोन जगं ऐकत काढलं, आणि दोन्हींकडे कुणी मला काही विचारलं नाही. फार सुखाची नोकरी.

पण डायरी धरली ती त्या आठवणींसाठी नाही, गृहपाठ म्हणून धरली आहे. या वयात गृहपाठ. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर 'स्पष्ट विचार, स्पष्ट बोलणं' असा एक वर्ग निघाला आहे, आठवड्यातून एक संध्याकाळ. शिकवणाऱ्या बाई वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवरून निवृत्त झाल्या आहेत. सगळे त्यांना तक्रारबाई म्हणतात आणि त्या ओ देतात.

आज त्या म्हणाल्या, "माझ्या खिडकीवर माणसं यायची आणि म्हणायची, तुम्ही मुद्दाम आमची लाइट घालवलीत. मी म्हणायची, लाइट गेली हे तुम्ही पाहिलंत. मुद्दाम घालवली हे तुम्हाला वाटलं. पाहिलेलं सांगा, दुरुस्त करून देते. वाटलेलं दुरुस्त करायला आमच्याकडे वायरमन नाही."

सगळे हसले. तर रोज डायरीत 'पाहिलं' वेगळं लिहायचं आणि 'वाटलं' वेगळं.

मी वर्गाला का गेलो तेही लिहून टाकतो. गेल्या आठवड्यात लेकीचा फोन आला. आम्ही तिला भिंगरी म्हणतो, लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून. फोन मी उचलला, तिचा "बाबा" ऐकला आणि तोंडातून निघून गेलं, "थांब हं, आईला देतो."

तिची आई जाऊन दीड वर्ष झालं.

पण लग्नानंतर एवढी वर्षं तेच चालत आलं होतं. मी फोन उचलायचा, आईला द्यायचा. नोकरीतली सवय, जोडून दिलं की आपलं काम संपलं. मायलेकी तासभर बोलायच्या, आणि मग ही मला जेवताना दोन वाक्यांत सांगायची. दोघींचं सुख-दुःख मला असं गाळून मिळायचं, चहासारखं.

त्या दिवशी भिंगरीनं माझी चूक काढली नाही. मग म्हणाली, "द्या ना, बाबा."

पाहिलं: तिनं "द्या ना" म्हटलं आणि फोन ठेवला.
वाटलं: म्हाताऱ्याची थट्टा केली.

७ फेब्रुवारी

भिंगरीचा फोन. हल्ली ती आठवड्यातून तीनतीनदा करते. पूर्वी मला एवढे फोन कधी आले नव्हते.

आवाजाच्या बाबतीत माझा हात धरणारा कुणी नाही. ट्रंक कॉल जोडताना नुसत्या श्वासावरून मला कळायचं, हा माणूस पैसे मागणार आहे की मेल्याची बातमी देणार आहे. भिंगरी जिन्यातून बोलत होती. घुमत होता आवाज, मधून लिफ्टचं दार सरकल्याचंही ऐकू आलं. घरात एवढ्या खोल्या असून जिन्यातून कशाला बोलायचं? बहुतेक तिथे रेंज चांगली असेल.

"सर्दी झालीय का?" मी विचारलं.

"हो, जराशी."

"वाफ घे. जावईबापू काय म्हणतात?"

"काही नाही म्हणत."

"मग बरंच आहे."

जरा थांबून म्हणाली, "बाबा, माझ्या खोलीत ओल नाही ना येत अजून?"

"नाही. भिंत करून घेतली तुझ्या आईनं."

"पंखा चालतो?"

"चालत असेल. कोण लावतंय?"

पाहिलं: ओल आणि पंखा यांची चौकशी.
वाटलं: घराची किंमत काढताहेत. गिऱ्हाईक आलं की आधी ओल विचारतं.

११ फेब्रुवारी

आजचा धडा प्रश्नांचा. पोटात उत्तर लपवलेला प्रश्न विचारायचा नाही. "तू बरी आहेस ना?" हा प्रश्न नव्हे, ती विनंती आहे, की बाई, बरी आहेस म्हण आणि मला मोकळं कर. असं तक्रारबाई म्हणाल्या. मला हे जरा अतीच वाटलं. सगळं जग असंच विचारतं.

माझ्या शेजारी कोपऱ्यावरचा शिंपी बसतो. त्याची बायको म्हणते तू माझं ऐकत नाहीस, आणि तो म्हणतो मशीनच्या आवाजात काय ऐकू येणार, म्हणून दोघांच्या भांडणाचा निकाल लागेपर्यंत तिनं त्याला इथे धाडलं आहे. तो म्हणाला, "बाई, बरोबर आहे. गिऱ्हाइकाला 'छान बसलाय ना?' विचारलं की ते 'छान' म्हणून जातं आणि दुसऱ्या दिवशी सदरा परत आणतं. म्हणून मी विचारतो, कुठे आवळतंय?"

"आणि बायकोला काय विचारता?"

"बायकोला विचारायची वेळच येत नाही. ती आपणहून सांगते."

परतताना मी त्याला घराचं सांगितलं. लेक-जावई घर विकायला बघताहेत, मला न्यायचं त्यांच्याकडे, नाहीतर कुठल्या आश्रमात टाकायचं. शिंपी म्हणाला, "त्यांनी म्हटलं तसं?"

"म्हणायला कशाला पाहिजे? मी टेलिफोनमधला माणूस आहे."

"बरं," म्हणाला तो, आणि सुई दातात धरल्यासारखा गप्प झाला.

१५ फेब्रुवारी

आज फार आनंदाचा दिवस. आधी थोडं बिनसलं होतं. भिंगरीनं विचारलं, आपल्या घराजवळून तिच्या ऑफिसकडे जाणारी सकाळची बस अजून आहे का. तिचं ऑफिस तिच्या घरापासून पायी जाण्यासारखं. या बसचं तिला काय करायचंय? म्हणजे गिऱ्हाइकानं विचारलं असणार. मी म्हटलं, "आहे, पण फार गर्दी असते, बसायला जागा मिळत नाही." मुद्दामच म्हटलं.

मग ती म्हणाली, "बाबा, ती नदीची कविता होती ना, तुम्ही शाळेच्या खिडकीतून ऐकून यायचा आणि मला झोपवताना म्हणायचा. पुढचं काय होतं?"

मी खुर्चीत सावरून बसलो. एवढ्या वर्षांत कुणी मला कवितेबद्दल विचारलं नव्हतं.

"पहिलं कडवं येतं का तुला?"

"काठ नदीला विचारी, का गं इतकी घाई," ती म्हणाली. "नदी म्हणाली, थांबले तर मी नदीच उरत नाही."

"शाबास. आता पुढचं ऐक. दमलीस तर गं काय करशील, काठ पुन्हा बोले. वळण घेईन तुझ्यापाशी, डोळे करून ओले."

मला वाटलं, लाइन गेली. मग नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दी अजून आहे.

मी तिला समजावून सांगितलं की शेवटची ओळ मला तितकीशी पसंत नाही. नदी मुळातच ओली, तिचे डोळे ओले करण्यात कवीनं काय साधलं? यमकासाठी ओढूनताणून आणलंय. पण वळणाची कल्पना सुंदर आहे. नद्या काठाशी का वळतात याचं शास्त्रीय कारणही सांगितलं. ती सगळं ऐकत होती. मध्ये एकदा "बाबा" म्हणाली, पण मी ओघात होतो.

शेवटी म्हणाली, "बरं वाटलं ऐकून."

लेकीशी इतका वेळ मी आयुष्यात बोललो नव्हतो. ही असती तर सांगितलं असतं. मग बसल्या बसल्या तिच्या खुर्चीलाच सांगितलं. हे तक्रारबाईंना कळता कामा नये.

१८ फेब्रुवारी

आजचा धडा फार कामाचा. जे हवं ते एका वाक्यात सांगायचं. त्याला शेपूट लावायचं नाही, आडून आडून यायचं नाही, की "बघू" म्हणून टोलवायचं नाही. तक्रारबाईंनी प्रत्येकाला आपलं वाक्य तयार करून शेजाऱ्यावर तालीम करायला लावली.

माझं पहिलं वाक्य: "तुमची इच्छा असेल तर माझी ना नाही, पण तसं पाहिलं तर मला इथेच बरं वाटतं, अर्थात बघू."

शिंपी म्हणाला, "याचा सदरा होणार नाही. कापड फार वाया चाललंय."

कापत कापत शेवटी हे उरलं: "मला एकट्याला राहायची सवय झाली आहे, या घरात आता दुसरं कुणी नको."

मी ते चारदा म्हटलं. चौथ्यांदा खणखणीत निघालं, ट्रंक लाइनवर 'तीन मिनिटं झाली' म्हणायचो तसं. तक्रारबाई म्हणाल्या, "वाक्य छान आहे. खरं आहे का?"

मी म्हटलं, "म्हणजे काय, बाई."

"नाही, विचारलं आपलं. वाक्य स्पष्ट असलं म्हणजे खरं असतंच असं नाही."

वर्गात थोडा पोरकटपणा चालतो, दुर्लक्ष करावं.

२० फेब्रुवारी

सांगून टाकलं.

भिंगरीनंच तोंड उघडलं. "बाबा, एक विचारायचं होतं. घराचं."

मला हेच हवं होतं. कागद समोर होता. तिला पुढे बोलू दिलं असतं तर माझा धीर सुटला असता. मी म्हटलं, "थांब. आधी माझं ऐक. मला एकट्याला राहायची सवय झाली आहे, या घरात आता दुसरं कुणी नको."

गिऱ्हाइकाला उद्देशून होतं ते, आणि लेक-जावयाच्या घर विकण्याच्या बेतालाही. एका दगडात दोन पक्षी.

ती म्हणाली, "कुणीच नको?"

"कुणीच नको."

"बरं, बाबा." मग म्हणाली, "जेवलात का?"

"जेवलो."

"ठेवते."

भांडण नाही की रडारड नाही, घर विकायचं नावही काढलं नाही. एका वाक्यानं काम फत्ते. वर्ग वसूल झाला.

२१ फेब्रुवारी

फोन नाही. सर्दी आहे, आराम करत असेल.

२४ फेब्रुवारी

फोन नाही.

चहाला दोन कप काढले, एक परत ठेवला. हे मी दीड वर्ष करतोय, पण आज ठेवताना कप कपावर आदळला आणि त्या आवाजानं घर किती रिकामं आहे ते कळलं. जिंकलेल्या माणसाला असं वाटू नये.

दुपारी भिंगरीच्या खोलीत गेलो. पंखा लावून पाहिला. पहिल्यांदा कण्हला, मग फिरला. कपाटाच्या दाराला तिनं चिकटवलेली कागदी फुलं अजून आहेत. लहानपणी तिच्या हातून काही फुटलं-तुटलं की ती सरळ सांगायची नाही. दाराआड उभी राहून कविता म्हणायला लागायची. हिला बरोबर कळायचं. हातातलं काम टाकून म्हणायची, "काय मोडलं गं?" मी आपला म्हणायचो, पोरीचं पाठांतर काय छान आहे.

२५ फेब्रुवारी

वर्ग. मी शिंपीबुवांना म्हटलं, "लेक रुसली. घर मिळालं नाही म्हणून."

"फोन केलात?"

"चारदा केला. उचलत नाही."

"शेवटी बोललात तेव्हा तिला विचारलं होतंत का, कशी आहे म्हणून?"

"विचारायचं काय त्यात? आवाज ऐकला की मला माणूस कळतो."

शिंपी मान खाली घालून आपल्या बोटातल्या शिवणाच्या टोपीशी खेळत होता. "दादा, मी चाळीस वर्षं माणसं मापतोय," तो म्हणाला. "नुसतं बघून माप घेतलं तेव्हा तेव्हा फसलो. आणि घरच्यांचं माप तर हमखास चुकतं. आपल्या डोळ्यांसमोर त्यांचं जुनंच माप असतं."

मला राग आला. घरी येईपर्यंत राहिला. घरी आल्यावर कुणावर काढायचा हा प्रश्न होता, म्हणून गेला.

१ मार्च

आज ठरवून फक्त 'पाहिलं' लिहितो. 'वाटलं' लिहायचंच नाही.

जिन्यातून बोलत होती. एकदा नाही, दर वेळी.
सर्दी दोन आठवडे बरी झाली नाही. खोकला मात्र एकदाही ऐकला नाही.
जावईबापू काय म्हणतात विचारलं, तर "काही नाही म्हणत."
तिच्याच खोलीची ओल विचारली. स्वयंपाकघराची, न्हाणीघराची नाही.
तिच्याच ऑफिसची बस विचारली.
कविता विचारली.
"द्या ना" म्हणाली.

वाचून पाहिलं. कुठेतरी खोल काही हललं, पण काय ते हाती लागेना. उतारवयात जेवण हलकं ठेवावं.

३ मार्च

फोनशेजारी कागद ठेवला: 'कुठे आवळतंय?' शिंप्याचाच प्रश्न. दुसरा सुचला नाही. हे विचारायचं आणि गप्प राहायचं, असं ठरवलं. गप्प राहणं मला जमेल, त्याचाच तर मी पगार घेतला.

तिचा मोबाइल बंद. घरच्या नंबरावर लावला. जावयांनी उचलला. मी म्हटलं, "भिंगरी आहे का?" त्यांनी उत्तर दिलं नाही. फोन कुठेतरी लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मग त्यांचाच आवाज, जरा दुरून: "आई, तिला सांग तिच्या बापाचा फोन आहे."

आणि विहीणबाईंचा, खणखणीत: "ती तुझ्यासमोर बसली आहे. तूच सांग."

भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं, त्यांच्या घरातलं. मी पुष्कळ वेळ कानाला लावून बसलो. नंतर कुणीतरी फोन जागेवर ठेवला.

विहीणबाईंचं आणि माझं कधी पटलं नाही. लग्नात त्यांनी मला सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "तुम्ही फार गोड बोलता, कामाचं काय ते तुमच्या बायकोला विचारते." तोंडाळ बाई. त्या घरात त्यांचंच चालत असणार, आणि माझी पोर भरडली जात असणार.

हे 'वाटलं'मध्ये लिहायला हवं होतं.

५ मार्च

आधी जे घडलं ते लिहितो, त्याच क्रमानं.

संध्याकाळी बेल वाजली. माझ्याकडे बेल वाजवणारं कुणी नाही. दूधवाला दार ठोकतो, शिंपी खालूनच हाक मारतो. दार उघडलं तर विहीणबाई. धापा टाकत होत्या, एका हातात कठडा, दुसऱ्या हातात भिंगरीची निळी बॅग. कॉलेजातली, हिनं घेऊन दिलेली.

मी म्हटलं, "या, या. अशा अचानक? पाणी आणतो."

"पाणी नको. आधी मी बोलते, मग तुम्ही. आणि कविता म्हणू नका."

मी दाराची कडी धरून उभा राहिलो.

"माझा मुलगा पाच महिने तिच्याशी बोलत नाही," त्या म्हणाल्या. "एका घरात. एक शब्द नाही. मीठ हवं असलं तरी मला सांगतो, तिला सांग. मी सांगायची. वाटायचं, मी मध्ये आहे म्हणून घर चाललंय. परवा तुमचा फोन आला तेव्हा ठरवलं, आता नाही सांगायचं. तर त्यानं आज तिचं सामान दाराबाहेर ठेवलं. ते मात्र न सांगता जमलं त्याला."

"पण ती मला काही..."

"ती तुम्हाला महिनाभर सांगतेय. तिला सरळ येत नाही सांगता. कुणावर गेलीय बघा."

जिन्यात खालून कुणाच्या तरी स्वयंपाकाचा कुकर वाजला, तो संपेपर्यंत दोघं उभे होतो.

"ती खाली टॅक्सीत बसलीय," विहीणबाई म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच उतरला. "वर यायला तयार नाही. म्हणते, बाबांना घरात कुणी नकोय, त्यांनी स्पष्ट सांगितलंय. इथवर आणली तीच मिनतवारीनं. माझी बहीण आहे, तिथे नेईन मी तिला, त्याची काळजी नको. पण आधी तुमच्या तोंडून ऐकायचंय. खरं म्हणाला होतात का ते?"

"नाही," मी म्हटलं.

एवढं छोटं वाक्य मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

त्यांनी बॅग आत ठेवली. पदरानं कपाळ पुसलं आणि पुन्हा जिन्याकडे वळल्या. "थांबा इथेच. मी जाऊन सांगते तिला."

"नको," मी म्हटलं. "मध्ये कुणी नको आता. तुम्ही बसा, पंखा लावा. मी जातो."

एका पायात माझी चप्पल होती, दुसऱ्यात हिची, दीड वर्ष दाराशीच राहिलेली. ते टॅक्सीचं दार उघडल्यावर लक्षात आलं.